कापलेली फिल्म

मंडळी, आधी हात वर करायला लावते. दहा वर्षांपूर्वीची लाइट बिलं ज्यांच्या घरी जपून ठेवलेली आहेत त्यांनी हात वर करा. बघा, जवळजवळ सगळे. आता घरातल्या कुणाच्याही जुन्या स्कॅनची फिल्म आज रात्री शोधून देता येईल, असे किती? सहा. त्यातले दोघे डॉक्टर आहेत, मी ओळखते त्यांना.

माझं रडगाणं एवढंच आहे. टीबीच्या मेंदूज्वरात एकच स्कॅन म्हणजे अर्धी साक्ष. दोन तारखांची चित्रं शेजारी लावली की आजार बोलायला लागतो.

2019 च्या डिसेंबरातली गोष्ट. जुन्नरकडची मुलगी, कॉलेजात जाणारी. तीन आठवडे डोकेदुखी, संध्याकाळी कणकण, अधूनमधून उलटी. कुणी म्हणालं पित्त, कुणी म्हणालं चष्म्याचा नंबर, आजीनं दृष्ट काढली. मग एका ठिकाणी सीटी झाला, साधा, चित्र उजळवणारं इंजेक्शन न देता. रिपोर्ट 'नॉर्मल'. घरी पेढे आले. रिपोर्ट खोटा नव्हता बरं का, सुरुवातीला या आजारात सीटी खरंच नॉर्मल दिसू शकतो. पण घरच्यांना वाटलं निकाल लागला. लागली होती फक्त पुढची तारीख.

बारा-तेरा दिवसांत मुलगी असंबद्ध बोलायला लागली, एक डोळा आत वळला. आमच्याकडे आणली. मी विचारलं, जुनी फिल्म? मामा पुढे झाले.

"आहे की मॅडम! फक्त जरा कापलीय."

"कापलीय म्हणजे?"

"परवा गिऱ्हाण होतं ना. पोरांना सूर्य दाखवायचा होता. म्हटलं, रिपोर्ट तर नॉर्मल आहे, फिल्म काय कामाची?"

फिल्म उलगडली. वरची सबंध ओळ गायब, कात्रीनं अगदी सरळ कापलेली. मामा शिवणकाम करायचे. आणि आमच्याकडे वरच्या ओळीत येतात कवटीच्या तळाचे काप. मला नेमके तेच हवे होते! उरली होती ती टाळूकडची चित्रं. हसू नका. आणि हो, एक्स-रेच्या फिल्ममधून ग्रहण बघू नका, डोळे जातात. तुमच्यातल्या निम्म्यांनी बघितलंय, मला माहितीये.

याच पुण्यात 1887 साली आनंदीबाई जोशी क्षयानं गेल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी नव्हती. जर्मन डॉक्टर कॉखनं क्षयाचा जंतू पाच वर्षांपूर्वी दाखवला होता, पण क्ष-किरण सापडायला अजून आठ वर्षं होती. माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी तर 1 ऑक्टोबर 1971 ला, विम्बल्डनला. हो, टेनिसवालंच. इतक्या उशिरा हाती आलेली वस्तू आपण...

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, कबूल केलेला विषय, या आजारात स्कॅनमध्ये काय दिसतं, आता पळत पळत.

हा जंतू मेंदूत एकदम घुसत नाही. रिच आणि मॅकॉर्डॉक या संशोधकांनी 1933 मध्ये दाखवलं की आधी मेंदूत किंवा त्याच्या आवरणाला लागून एक बारीक गाठ दबा धरून बसते, ती फुटली की आवरणात दाह पसरतो. मग चिकट, घट्ट स्राव मेंदूच्या तळाशी साचतो. इंजेक्शन दिलं की तो भाग उजळतो. साध्या सीटीत बहुतेक वेळा हातून निसटतो. म्हणून इंजेक्शनला नाही म्हणू नका, फक्त मूत्रपिंडाचा त्रास किंवा ॲलर्जी असेल तर आधी सांगा. याच स्रावानं मेंदूतल्या पाण्याची वाट अडते, ते पाणी जिथं असतं त्या मेंदूतल्या पोकळ्या फुगतात. त्यांची कानशिलाकडची टोकं लवकर फुगतात, जुन्या फिल्मशी ताडून बघायची ती हीच. तिसरं, या चिखलातून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात आणि मेंदूच्या गाभ्यात पक्षाघाताचे छोटे झटके येतात. ते ताजे असतानाच एमआरआयमध्ये दिसतात, सीटीला वेळ लागतो. शिवाय गाठी. 2010 मध्ये तज्ज्ञांनी निदानाची गुणपत्रिका केली, त्यात 20 पैकी 6 गुण चित्रांना. म्हणजे चित्र एकटं पास करत नाही, पाठीतलं पाणी तपासावंच लागतं.

मुलीच्या दुसऱ्या स्कॅनमध्ये तळ उजळलेला होता, पोकळ्या फुगलेल्या. औषधं सुरू झाली, स्टिरॉइड दिलं, पाणी पोटात वळवणारी नळी बसवली. तीन महिन्यांनी ती चालत आली, आणि स्कॅनमध्ये नवी गाठ! घरचे हादरले. उपचार चालू असताना असं होऊ शकतं. औषध हरलं असं लगेच धरायचं नाही, पण दुसरी कारणंही तपासायची. आधीच्या चित्रांशिवाय ही गाठ नवी की जुनी, हे मी कशावरून सांगणार होते?

आधीची चित्रं होती. मामांनी सगळ्या फिल्म उशीच्या अभ्र्यात घालून आणल्या होत्या, तारखेप्रमाणे लावून. वरच्या ओळीसकट.