तुम्ही कुठल्या चर्चला जाता?

नमस्कार श्रोतेहो.

घरातलं कुणी अमेरिकेला निघालं की बॅगेत काय भरायचं याची यादी आपल्याकडे तोंडपाठ असते. कुकर, त्याच्या दोन जादा शिट्ट्या, गोडा मसाला, देव्हाऱ्यातला छोटा पितळी गणपती. पण तो गणपती अमेरिकेतल्या कुठल्या गावात बसणार आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. एक मामा सांगतो, "तिथं सगळं चालतं." दुसरा सांगतो, "तिथं जपून राहावं लागतं." दोघंही खरंच बोलत असतात. एकाचा मुलगा बॉस्टनला असतो, दुसऱ्याचा अलाबामात. आपल्या लोकांची ही जुनी खोड आहे. मुलगा राहतो ते गाव म्हणजेच अख्खी अमेरिका!

तर आधी दक्षिण. अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी, जॉर्जिया या पट्ट्याला 'बायबल बेल्ट' म्हणतात. शेजारीण पहिल्याच आठवड्यात घरी केलेला केक घेऊन येते, हवापाण्याचं बोलून होतं आणि पाचव्या मिनिटाला विचारते, "तुम्ही कुठल्या चर्चला जाता?" आपला माणूस दचकतो. दचकू नका. आपल्याकडे नाही का, आडनाव कळलं की लगेच "मूळ गाव कुठलं?" विचारतात, तसाच हा प्रश्न आहे. सरळ सांगा, "आम्ही हिंदू आहोत, अमुक ठिकाणच्या देवळात जातो." गोलमोल बोललात तर तुम्ही देवच मानत नाही असा समज होतो आणि त्या भागात दुसऱ्या देवाच्या माणसापेक्षा बिनदेवाच्या माणसाचीच धास्ती जास्त.

मग चर्चचं आमंत्रण येतं. जायचं असेल तर पाहुणे म्हणून जा. चपला-बूट काढायचे नाहीत, मागच्या बाकावर बसायचं, सगळे उठले की उठायचं. दानाची थाळी फिरत येते, ती नुसती पुढे दिली तरी कुणी काही म्हणत नाही. कॅथलिक चर्च असेल तर प्रसादाच्या रांगेत उभं राहू नका, तो त्यांच्या दीक्षित माणसांसाठी असतो. नंतर जेवण असतं. तिथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हिरव्या शेंगांची भाजी दिसते अगदी आपल्या फरसबीसारखी, पण दक्षिणेत ती बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचा तुकडा टाकून शिजवतात. मांस वर दिसत नाही, कारण ते चवीपुरतं असतं. "यात मांस आहे का?" असं विचारलंत तर "नाही" असं उत्तर येऊ शकतं, आणि ते मनापासून दिलेलं असतं. म्हणून "शिजवताना बेकन घातलं होतं का?" असं विचारा. आणखी एक. बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी मुलांचे वाढदिवस ठेवू नका, या दोन्ही वेळा चर्चच्या असतात. मग निम्मी मुलं आली नाहीत की आपण म्हणतो, बघा, आपल्याला टाळतात!

ईशान्येला, म्हणजे बॉस्टन, व्हरमाँट, मेनकडे, नेमकं उलटं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दोन वर्षांत तुमचा धर्म कळत नाही, कारण विचारणं हाच तिथे उद्धटपणा. आपल्याला वाटतं, किती सहिष्णू लोक! पण दक्षिणेत विचारतात म्हणून ते कडवे ठरत नाहीत आणि ईशान्येत विचारत नाहीत म्हणून ते उदार ठरत नाहीत. पुन्हा सांगतो, कारण चूक इथेच होते. विचारण्या-न-विचारण्यावरून माणूस जोखू नका. याच बॉस्टनमध्ये १६६० साली मेरी डायर नावाच्या बाईला, क्वेकर या ख्रिस्ती पंथाची म्हणून हद्दपार केली तरी परत आली, एवढ्यासाठी फाशी दिलं होतं.

युटामध्ये गेलात तर चहा! तिथे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची मोठी वस्ती आहे आणि ते दारू तर नाहीच, पण चहा आणि कॉफीही पीत नाहीत. आपल्याकडे आल्यागेल्याला चहा विचारायचा नाही म्हणजे हातच बांधल्यासारखं होतं, पण पाहुण्याला आग्रह करून अडचणीत टाकू नका. कोकम सरबत द्या. खरं तर कोकम सरबताला आपण जगात पोचवलं नाही हा आपला करंटेपणा आहे, पण तो विषय वेगळा. याच युटात स्पॅनिश फोर्क गावी राधाकृष्णाचं देऊळ आहे आणि तिथल्या होळीला रंग उधळायला हजारोंनी येतात ती बहुतेक मॉर्मन पोरंच.

मिनेसोटाचं दोन वाक्यांत. ल्यूथरन आणि कॅथलिक संस्थांनी तिथे आधी आग्नेय आशियातले ह्मोंग आणि पुढे सोमाली निर्वासित आणून वसवले. लोक मदतीला चटकन धावतात, घरात बोलवायला मात्र वर्षं लावतात. आणि पश्चिम किनारा? तिथे आज योगाची दुकानं आहेत, पण वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावातून १९०७ साली लाकडाच्या गिरणीतल्या पंजाबी कामगारांना जमावानं हुसकून लावलं होतं. शेजारच्या ऑरेगनमध्ये शिक्षकांनी वर्गात धार्मिक पोशाख घालू नये असा कायदा १९२३ साली झाला. रोख कॅथलिक नन्सवर होता, अडकली पगडीसुद्धा. तो कायदा रद्द करायला २०१० साल उजाडलं.

पण श्रोतेहो, मला खरी सांगायची आहे ती न्यूयॉर्कची गोष्ट.

न्यूयॉर्क तेव्हा न्यूयॉर्क नव्हतं, न्यू ॲमस्टरडॅम होतं. डचांची वसाहत, तीसुद्धा एका कंपनीची, डच वेस्ट इंडिया कंपनीची. तिथला कारभारी पीटर स्टायव्हेसंट. पाद्र्याचा मुलगा, स्वभावानं तापट, आणि एक पाय लढाईत गेलेला, त्या जागी चांदीच्या पट्ट्या ठोकलेला लाकडी पाय. हा माणूस जिना चढताना शहराला ऐकू येत असणार! त्याला गावात एकच पंथ हवा होता, स्वतःचा. १६५४ साली ब्राझीलहून तेवीस ज्यू आले, त्यांना हाकलायला निघाला. कंपनीनं हाकलू दिलं नाही. मग आले क्वेकर.

क्वेकर म्हटलं की आपल्याला ओट्सच्या डब्यावरचे टोपीवाले आजोबा आठवतात. त्या कंपनीचा या पंथाशी संबंध नाही बरं का, प्रामाणिकपणाबद्दल पंथाचं नाव होतं, ते त्यांनी उचललं. आणि ओट्सचा उपमा करून त्याला पोह्यांच्या पंगतीला बसवणाऱ्यांबद्दल मी आज काही बोलणार नाही. तर हे खरे क्वेकर पाद्री मानत नाहीत, शांत बसून प्रार्थना करतात, आणि त्या काळी कुणासमोर टोपी काढत नसत. स्टायव्हेसंटनं फर्मान काढलं की क्वेकराला एक रात्र जरी घरात ठेवलं तरी पन्नास पौंड दंड.

आता फ्लशिंग. मूळ डच नाव व्लिसिंगन, त्याचं इंग्रजांच्या तोंडी झालं फ्लशिंग. आजच्या क्वीन्समधला हा भाग. तिथल्या लोकांना १६४५ च्या सनदेतच सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य मिळालेलं होतं. २७ डिसेंबर १६५७ या दिवशी गावातल्या तीसेक माणसांनी कारभाऱ्याला अर्ज लिहिला. लेखनिक एडवर्ड हार्ट. काहींना लिहिता येत नव्हतं, त्यांनी सहीच्या जागी खूण केली. आणि नीट ऐका, सही करणाऱ्यांत क्वेकर एकही नव्हता. पुन्हा सांगतो, एकही नाही. दुसऱ्यांसाठी स्वतःची मान पुढे केलेली माणसं होती ही. त्यांनी लिहिलं की हॉलंडमध्ये प्रेमाचा आणि स्वातंत्र्याचा कायदा ज्यू, तुर्क आणि इजिप्तच्या लोकांनाही लागू आहे, कारण तीही आदमचीच लेकरं. तेव्हा कुणी प्रेमानं आमच्याकडे आला तर आम्ही त्याच्यावर हात टाकणार नाही, गावात आणि घरात त्याला येण्याजाण्याची मोकळीक देऊ.

तुर्क! १६५७ साली, चारदोनशे वस्तीच्या गावात, जिथे तुर्क कुणी पाहिलेलाही नसेल.

झालं काय? कारभाऱ्यानं चौघांना पकडलं. हार्टनं माफी मागितली, इतरही नमले. अर्ज वाया गेला. गोष्ट इथे संपती तर मी सांगितली नसती.

पाच वर्षांनी याच गावातल्या जॉन बाउन नावाच्या शेतकऱ्यानं आपल्या घरात क्वेकरांची प्रार्थना भरवायला सुरुवात केली. बायको हॅना आधीच त्या पंथात गेलेली. सप्टेंबर १६६२ मध्ये त्याला पकडलं. दंड पंचवीस पौंड. म्हणाला, भरणार नाही. तुरुंगात टाकलं. तरी नाही. शेवटी १६६३ च्या जानेवारीत स्टायव्हेसंटनं त्याला जहाजावर चढवून हद्दपार केलं, म्हणजे पीडा गेली. पण पीडा गेली कुठे, तर आयर्लंडला उतरून थेट ॲमस्टरडॅमला, कंपनीच्या दारात! तिथे त्यानं गाऱ्हाणं घातलं. आणि १६ एप्रिल १६६३ ला कंपनीनं कारभाऱ्याला पत्र धाडलं. मजकुराचा सारांश असा की, हे लोक आले नसते तर आम्हालाही बरं वाटलं असतं, पण वसाहत नवी आहे, माणसं हवी आहेत, कडक वागलात तर कुणी येणार नाही. माणसाचं मन मोकळं राहू द्या. आपल्या भाषेत सांगायचं तर, काणाडोळा करा.

बघा, कंपनीला क्वेकर आवडत नव्हते, तिला माणसं हवी होती. सहिष्णुतेचा पाया बरेचदा इतका साधा, हिशेबी असतो. बेलिंगहॅमला हाच हिशेब उलटा झाला होता, मजुरीसाठी स्पर्धा वाटली आणि पगडी खुपायला लागली.

१६६४ च्या सुरुवातीला बाउन घरी परतला. त्याच वर्षी इंग्रजांनी वसाहत घेतली. स्टायव्हेसंटचं राज्य गेलं, बाउनचं घर मात्र आजही उभं आहे. रस्त्याचं नाव बाउन स्ट्रीट, पत्ता ३७-०१. आणि त्याच रस्त्यानं पंधरावीस मिनिटं चालत गेलं की ४५-५७ क्रमांकाला लागतं गणपतीचं देऊळ! ४ जुलै १९७७ ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, तिथे कुंभाभिषेक, म्हणजे देवळाची प्रतिष्ठापना, झाला. गणेश चतुर्थीला तिथला रथ फ्लशिंगच्या रस्त्यावरून फिरतो. २०२२ मध्ये या रस्त्याला 'गणेश टेंपल स्ट्रीट' असं जोडनावही मिळालं. देवळाच्या तळघरात कँटीन आहे, डोसा उत्तम. तिथे जाऊन "साबुदाणा वडा नाही का?" असं विचारणाऱ्या आपल्या मंडळींना हात जोडून नमस्कार.

आणि फ्लशिंगच्या त्या अर्जाला ३३० वर्षं झाली त्या साली, १९८७ मध्ये, नदीपलीकडच्या जर्सी सिटीत एक टोळी आपल्या लोकांवर हल्ले करत होती. बायकांच्या कपाळावरच्या टिकलीवरून तिनं स्वतःला 'डॉटबस्टर्स' असं नाव घेतलं होतं. प्रदेश तोच.

वेळ संपत आली, म्हणून आता भरभर. गणपतीची सुट्टी हवी असेल तर लेखी आणि आधी मागा. पंधरा किंवा जास्त नोकर असलेल्या ठिकाणी धर्माच्या कारणानं सवलत देणं मालकावर बंधनकारक आहे, फार मोठी अडचण होत असेल तरच नाकारता येतं. नाकारलं आणि तक्रार करायची असेल तर मुदत १८० दिवस, बऱ्याच राज्यांत ३००. दारावर किंवा रांगोळीत स्वस्तिक काढू नका, शेजाऱ्याला त्यात नाझी दिसतो आणि पोलीस येतात. ॐ काढा, नाहीतर दिवाळीआधी फराळाचं ताट घेऊन जा आणि समजावून सांगा. भाड्याच्या घरात कापूर लावण्याआधी स्वयंपाकघरातला पंखा सुरू करा, खिडकी उघडा, आणि आरती धूर ओळखणाऱ्या भोंग्यापासून लांब करा. भोंग्यावर प्लास्टिकची पिशवी बांधू नका. करारात ती चूक धरतात, आणि आरती संपल्यावर ती काढायची कुणाच्या लक्षात राहत नाही.