शिस्त कॉलेजलाही लागू आहे

श्रोतेहो, नमस्कार.

सध्या प्रवेशाचे दिवस आहेत. झेरॉक्सच्या दुकानांपुढे रांगा आहेत आणि घराघरांत एकच घाई आहे, शेवटच्या तारखेच्या आत फॉर्म भरून होऊ दे. त्या फॉर्मच्या शेवटी एक हमीपत्र असतं. महाविद्यालयाचे सर्व नियम मी वाचले असून ते मला मान्य आहेत, अशा अर्थाचं. खाली विद्यार्थ्याची सही, शेजारी पालकांची. नियम वाचलेले नसतात हे सही करणाऱ्याला ठाऊक असतं आणि खिडकीपलीकडच्या क्लार्कलाही. माहितीपुस्तिकेत आपण फी बघतो, कटऑफ बघतो आणि पुस्तिका कपाटात जाते.

मी बरीच वर्षं कॉलेजात शिकवलं, परीक्षेची कामं केली, शिस्तपालन समितीतही बसलो. तिथे जे दिसलं त्याबद्दल आज बोलणार आहे. मुलांना वाटतं, शिस्तीचे नियम म्हणजे आपल्यावरची बंधनं. हे निम्मंच खरं आहे. उरलेली बंधनं प्राचार्यांवर असतात, विद्यापीठावर असतात, आणि ती कोणी वाचत नाही. कधी कधी प्राचार्यही वाचत नाहीत!

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या महादेव गोविंद रानड्यांनी मराठी राज्याची आणि इंग्रजी राज्याची तुलना करणारा निबंध लिहिला. प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांना तो रुचला नाही आणि रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली. पुढे 1905 साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात विद्यार्थी असलेल्या विनायक दामोदर सावरकरांना प्राचार्य रँग्लर परांजप्यांनी दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. टिळकांनी त्यावर 'केसरी'तून टीका केली. पण सगळ्याच विद्यार्थ्यांच्या पाठीशी 'केसरी' कुठून असणार? प्राचार्यांच्या मनात आलं, शिक्षा झाली, विषय संपला.

हे बदलायला सुरुवात झाली ती एका परीक्षा प्रकरणातून. उत्तर प्रदेशात 1954 सालच्या इंटरमीजिएट परीक्षेत तीन विद्यार्थ्यांवर गैरप्रकाराचा ठपका ठेवून बोर्डाने त्यांचे निकाल रद्द केले. त्यांना ना नोटीस दिली, ना त्यांचं म्हणणं ऐकलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1962 साली निकाल आला की परीक्षा समिती अशी शिक्षा ठरवते तेव्हा ती न्यायनिवाड्यासारखंच काम करत असते. मुलाला आरोप सांगितला पाहिजे आणि त्याची बाजू ऐकली पाहिजे. आज प्रत्येक विद्यापीठात गैरप्रकारांची चौकशी करणारी समिती दिसते, तिच्यामागे हा विचार आहे.

आता ही गोष्ट परीक्षेच्या हॉलमध्ये कशी घडते ते पाहू. कॅल्क्युलेटरच्या कव्हरमध्ये घडी घातलेली चिठ्ठी सापडते, किंवा हॉल तिकिटाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली सूत्रं. पर्यवेक्षक आवाज न चढवता सीनियर सुपरवायझरना बोलावतात. निदान तसं अपेक्षित असतं. उत्तरपत्रिका आणि चिठ्ठी ताब्यात घेतली जाते, वेळ नोंदवली जाते, चिठ्ठीवर विद्यार्थ्याची सही घेतात. मग बहुतेक ठिकाणी त्याला नवी उत्तरपत्रिका देऊन उरलेला पेपर लिहू देतात आणि शेवटी त्याचा जबाब घेतात.

हा जबाब मी शेकड्यांनी वाचला असेन, आणि तो जवळजवळ नेहमी एकच असतो: 'माझ्याकडून चूक झाली, पुन्हा असे करणार नाही, मला माफ करावे.' घाबरलेलं पोर, हात थरथरताहेत, समोरचे सर जे सांगतील ते लिहून देतं. माझं विद्यार्थ्यांना सांगणं एवढंच आहे की जबाब तुमचा आहे, तो तुमच्या शब्दांत लिहा. कॉपी केली असेल तर केली म्हणा. चिठ्ठी बाकाखाली आधीपासून पडलेली होती, तर तसं लिहा. खिशात राहिली होती पण उघडली नव्हती, तर तेही लिहा. समिती पुढे उत्तर आणि चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवून मजकूर जुळतो का ते बघते. शिवाय समितीसमोर हजर राहायचं पत्र येतं, तेव्हा जाच. घरी कळेल म्हणून कित्येक जण जात नाहीत आणि निर्णय त्यांच्या माघारी होतो. मग सगळी परीक्षा रद्द झाल्याचं गुणपत्रिकेच्या दिवशी कळतं, ते घरी कळायचं थोडंच राहतं!

याचा अर्थ कॉलेजने प्रत्येक गोष्टीसाठी कोर्ट भरवावं असा नाही. न्यायालयांनीच दोन मर्यादा घालून दिल्या आहेत. बिहारमधल्या एका केंद्रावर सामूहिक कॉपीचा संशय आला आणि बोर्डाने त्या केंद्राची परीक्षाच रद्द केली. 1970 साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की इथे कोणा एकावर ठपका नाही, परीक्षाच परीक्षा राहिली नाही, तेव्हा प्रत्येकाला वेगळं ऐकायची गरज नाही. दुसरं प्रकरण रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं. काही विद्यार्थी रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात शिरले आणि तिथे त्यांनी अत्यंत किळसवाणं वर्तन केलं. समितीने मुलांना आरोप सांगितला, त्यांचं म्हणणं घेतलं. मुलींचे जबाब मात्र मुलांच्या माघारी नोंदवले. आम्हाला साक्षीदारांना प्रश्न विचारू दिले नाहीत, अशी मुलांची तक्रार होती. 1973 साली सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. समोरासमोर उभं करायचं ठरवलं तर कोणती मुलगी पुढे येईल? हा निकाल मला फार शहाणपणाचा वाटतो. बाजू ऐकायची, पण तक्रार करणाऱ्याला उघड्यावर टाकायचं नाही.

रॅगिंगच्या बाबतीत तर प्राचार्यांचे हात कायद्याने चांगलेच बांधलेले आहेत. महाराष्ट्रात हा कायदा 1999 पासून आहे. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, कॉलेजातून बडतर्फी आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही. हे पोस्टरवर असतं म्हणून सगळ्यांना माहीत असतं. पोस्टरवर नसतं ते असं: लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखांनी चौकशी करायची. सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर आरोपीला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. तथ्य दिसलं नाही तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. यात प्रमुखांनी हयगय केली तर त्यांनी रॅगिंगला साथ दिली असं कायदा मानतो. 'जाऊ दे रे, सीनियर आहेत, थोडी गंमत करतात' असं म्हणून पाठीवर थाप मारणाऱ्या सरांनी हे एकदा वाचावं.

2009 साली हिमाचल प्रदेशात वैद्यकीयच्या पहिल्या वर्षातला एक मुलगा रॅगिंगमध्ये मारहाणीने गेला. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, कडक विनियम आले. दरवर्षी द्यावं लागणारं रॅगिंगविरोधी हमीपत्र त्यातलंच. चोवीस तास चालणारी हेल्पलाइनही आहे, नंबर लिहून घ्या: 1800-180-5522. या विनियमांतली एक तरतूद मला पटत नाही. दोषी सापडले नाहीत तर सामूहिक शिक्षा करावी, असं त्यात म्हटलं आहे. मुलांनी एकमेकांना पाठीशी घालू नये हा हेतू समजतो, पण वॉर्डनने झटून चौकशी करण्याऐवजी सगळ्या मजल्याला दंड लावणं सोपं होऊन बसतं.

'ऐकून घेतलं का?' हा प्रश्न जुना झालेला नाही. मे 2025 मध्ये पुण्यातल्या एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून कॉलेजने रस्टिकेट केलं, म्हणजे कॉलेजातून काढलं, आणि तिला अटकही झाली. पोस्ट तिने काढून टाकली होती, माफीही मागितली होती. मुंबई उच्च न्यायालयाने 27 मे रोजी तिला जामीन दिला, रस्टिकेशनचा आदेश स्थगित केला आणि परीक्षेला बसू द्यायला सांगितलं. तिचं म्हणणं न ऐकताच तो आदेश निघाला होता, यावर न्यायालयाने बोट ठेवलं. पोस्ट योग्य होती की नव्हती, यावर चहाच्या टपरीवर वाद घाला. कॉलेजने खुलासा मागायला हवा होता, यात मात्र वाद घालण्यासारखं काही नाही. एक नोटीस, दोन-तीन दिवसांची मुदत, समोर बसवून अर्धा तास. याला वेळ नाही, असं कुठलंही कॉलेज म्हणू शकत नाही.

पंचाहत्तर टक्के हजेरीबद्दल थोडक्यात. नियम योग्य आहे, पण डिफॉल्टर लिस्ट सत्र संपताना लावणं योग्य नाही. दर महिन्याला लावली तर मुलगा सावरतो. शेवटी लावली की पालकांची धावपळ आणि डॉक्टरांचे दाखले सुरू होतात. ते दाखले कसे मिळतात, हे मी आकाशवाणीवरून सांगायला नको.

आणि जर्नलं! प्रॅक्टिकलची जर्नलं एकमेकांची उतरवणं ही आपल्याकडची राजमान्य कॉपी आहे, त्याबद्दल कोणाला काही वाटत नाही. अशाच मुलांनी पुढे पीएचडीला प्रवेश घेतला की यूजीसीचे 2018 चे वाङ्‌मयचौर्याचे विनियम आडवे येतात. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. सवय बारावीपासूनची, शिक्षा तिशीत.

मुलींच्या वसतिगृहाचं गेट हा नाजूक विषय आहे, कारण पालकांनाच ते लवकर बंद व्हायला हवं असतं. मुलींना साडेसात आणि मुलांना दहा, किंवा मुलांना वेळच नाही, असं अजूनही दिसतं. यूजीसीच्या 2015 च्या लैंगिक छळविरोधी विनियमांत स्पष्ट लिहिलं आहे की सुरक्षेचं कारण सांगून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम लावू नयेत. गेट सगळ्यांना दहाला बंद करा किंवा सगळ्यांना साडेसातला. दुसरा पर्याय मुलांसमोर मांडून बघा, नियम एका आठवड्यात बदलेल.

आता ही दाद मागायची कुठे? यूजीसीच्या 2023 च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. समाधान झालं नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. हे लोकपाल निवृत्त कुलगुरू, अनुभवी निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतात. प्रवेश रद्द केल्यावर मूळ कागदपत्रं अडवून धरणं हाही या तक्रारीचा विषय आहे. कित्येक पालक त्यासाठी नुसते हेलपाटे घालत राहतात. तक्रार लेखी करा आणि पोचेचा शिक्का घ्या.

समितीची आणि लोकपालांची माहिती वेबसाइटवर किंवा माहितीपुस्तिकेत ठळकपणे देणं संस्थेवर बंधनकारक आहे. ती सापडली नाही, तर पहिली तक्रार त्याचीच करा.

नमस्कार.