बाराशे ओळींचं बटन

[दृश्य: नांदेड, नवा मोंढा. सोयाबीनचे ढीग, बोली, काट्यावर चढणारे कट्टे.]

बोली सुटली की माल काट्यावर येतो. मापाडी वजन पुकारतो, मुनीम ते संगणकात भरतो आणि शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी पडते. पडद्यावरची ही पट्टी बघा. कट्टे १५, भरतं वजन ९१८ किलो. कट्ट्यामागे ६०० ग्रॅम बारदाना वजा, निव्वळ ९०९ किलो. क्विंटलला ४,५०० चा दर धरला तर ४०,९०५ रुपये. त्यातून उचल वगैरे कपाती. हिशोब एवढाच.

[दृश्य: जुना कोड पडद्यावर भरभर सरकतो.]

आणि 'पट्टी काढा' या बटनामागचा हा कोड. बाराशे ओळी.

विंडोज फॉर्म्समध्ये, म्हणजे विंडोजसाठी बटनं-चौकटींचे पडदे (फॉर्म) बनवायच्या साधनात, बटनावर डबल क्लिक केलं की इव्हेंटची, म्हणजे बटन दाबल्यावर चालणाऱ्या कोडची, रिकामी चौकट मिळते, आणि प्रोग्रॅम त्या चौकटीतच फुगत जातो. टेक्स्टबॉक्समधला मजकूर उचलणं, त्याचा आकडा करणं, कपाती, डेटाबेसमधली नोंद, छपाई, सगळं एकाच ठिकाणी कोंबलेलं. दर बदलला की तो खरेदीच्या, दुरुस्तीच्या आणि छपाईच्या फॉर्ममध्ये हुडकत बसायचं. एखादा राहूनच जातो.

हिशोब एकीकडे आणि त्याचं पडद्यावरचं रूप दुसरीकडे, ही विभागणी संगणकतज्ज्ञ ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी १९७९ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात, स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेवर काम करताना मांडली. विंडोज फॉर्म्स आलं २००२ मध्ये. उपाय आधीपासून होता, वापरला गेला नाही.

[दृश्य: नवा प्रोजेक्ट उघडतो. एकेक क्लास लिहिला जातो.]

सुरुवात 'हिशोबपट्टी' या क्लासपासून. क्लास म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधलेला कोडचा गठ्ठा. कट्टे, भरतं वजन, बारदाना आणि दर त्यात राहतात. निव्वळ वजन आणि रक्कम तोच काढतो. हा क्लास वेगळ्या क्लास लायब्ररीत (स्वतंत्र प्रोजेक्टमध्ये) ठेवायचा आणि तिला विंडोज फॉर्म्सचा संदर्भच द्यायचा नाही. मग घाईत कुणी हिशोबाच्या मधोमध मेसेजबॉक्स (पडद्यावरची सूचना) टाकायला गेलं तर कोडचा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलरच अडवतो. शिस्तीच्या सूचनांपेक्षा हे खात्रीचं.

पैशांसाठी 'डबल' हा आकड्याचा प्रकार नको, दशांश अचूक ठेवणारा 'डेसिमल' घ्यायचा. पूर्णांकन करताना आणखी एक खोच आहे. मुनीम ५० पैसे वर धरतो, पण सी-शार्प या भाषेचं मॅथ.राउंड काही सांगितलं नाही तर जवळच्या सम आकड्याकडे जातं. ४०,९०४.५० चे ४०,९०४ होतात आणि वहीशी एक रुपयाचा फरक पडतो. 'अवे फ्रॉम झीरो' (अर्धा आला तर शून्यापासून दूर) असं स्पष्ट लिहावं लागतं. आता ते एकाच जागी लिहायचं असतं.

कपातींसाठी इफ-एल्सची ('असं असेल तर हे, नाहीतर ते') माळ होती. तिच्या जागी 'कपात' हा इंटरफेस (क्लासने काय करायचं याचा करार) येतो, त्यात एकच मेथड, म्हणजे काम: पट्टी घ्या, रक्कम द्या. कट्ट्यावर मोजायची कपात हा एक क्लास, क्विंटलवरची दुसरा, टक्क्यांची तिसरा. फॉर्म फक्त यादी फिरवतो आणि ग्रिडमध्ये ओळी भरतो. कुठली ओळ कशी मोजली, हे त्याला माहीत नसतं आणि नसावंच.

[दृश्य: वजनाची चौकट तीन वेगवेगळ्या फॉर्मवर.]

वजनाची ही चौकट म्हणजे यूजर कंट्रोल, आपणच बनवलेला पडद्याचा तुकडा. उजवीकडे सरकलेला आकडा, दोन दशांश, चुकीचं भरलं तर लाल. एकदा लिहायची, तिन्ही फॉर्मवर टाकायची. इथे अनेकांना वारशाचा मोह होतो: एक मूळ फॉर्म करायचा आणि बाकीचे त्याच्यापासून काढायचे. मूळ फॉर्म अ‍ॅबस्ट्रॅक्ट (नुसता आराखडा) असला तर डिझायनरला, म्हणजे फॉर्म आखायच्या साधनाला, त्याचा ऑब्जेक्ट (प्रत्यक्ष नमुना) करता येत नाही आणि फॉर्मऐवजी त्रुटी दिसते. मूळ फॉर्मच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) डेटाबेस उघडला असेल तर डिझायनरही तो उघडायला जातो. बहुतेक वेळा वारसा नकोच, तयार कंट्रोल एकत्र बसवलेले बरे.

[दृश्य: इलेक्ट्रॉनिक काटा, त्याची केबल, संगणकाची मागची बाजू.]

आता खरा त्रास. काट्याचं वजन सीरियल पोर्टवरून (एकामागून एक अक्षर पाठवणाऱ्या जोडणीवरून) येतं, अनेकदा तुकड्यातुकड्यांनी: आधी '९१', मग '८.०'. ओळीचं शेवटचं चिन्ह येईपर्यंत साठवत राहायचं, नाहीतर ९१८ चे ९१ होतात. शिवाय डेटा आल्याचा इव्हेंट वेगळ्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) उठतो. तिथून थेट टेक्स्टबॉक्सला हात लावला तर डीबगर (चुका शोधायचं साधन) लगेच ओरडतो. दुकानात मात्र चूक दडून राहते आणि ऐन गर्दीत पडदा अडकतो. पडद्याच्या थ्रेडकडे काम सोपवून ते संपेपर्यंत थांबणारं 'इन्व्होक' वापरलं तर पोर्ट बंद करताना दोन्ही थ्रेड एकमेकांची वाट बघत गोठू शकतात, म्हणून न थांबणारं 'बिगिनइन्व्होक'. हे सगळं 'काटा' या एकाच क्लासमध्ये कोंडायचं. त्याच इंटरफेसचा नकली काटा लिहिला की मोंढ्यात न जाताही प्रोग्रॅम तपासता येतो.

काटा दिवसभर जिवंत असतो, फॉर्म उघडतात आणि मिटतात. मिटताना इव्हेंटची जोडणी सोडली नाही तर काटा मिटलेल्या फॉर्मलाही धरून ठेवतो. मेमरी वाढत जाते आणि पुढचं वजन, नष्ट झालेल्या चौकटीत लिहायला गेल्यावर, प्रोग्रॅम पाडतं. सोडण्याची ती एक ओळ सगळ्यात जास्त विसरली जाते.

[दृश्य: नवं बटन, त्यामागचा कोड. प्रिंटरमधून पट्टी बाहेर येते.]

बटनामागे आता चार ओळी: पट्टी भरा, मोजा, नोंदवा, छापा. दर बदलला तर एक जागा.

चालू प्रोग्रॅम एकदम मोडायची गरज नाही. डेटाबेसला हात न लावता आधी फक्त हिशोब बाहेर काढायचा. त्याआधी जुन्या पट्ट्यांचे आकडे बाजूला ठेवायचे आणि नव्या क्लासची उत्तरं त्यांच्याशी रुपयान् रुपया ताडून घ्यायची.