पीटरबरो : तुरुंगाच्या दाराबाहेरची सोबत

इंग्लंडमधील पीटरबरोच्या तुरुंगाचे दार सकाळी उघडते आणि काही महिन्यांची शिक्षा भोगलेला एक माणूस बाहेर पडतो. हातात सामानाची प्लास्टिकची पिशवी, खिशात सरकारने दिलेले ४६ पौंड. रात्री पाठ कुठे टेकायची हे अनेकदा ठरलेले नसते. बारा महिन्यांहून कमी शिक्षा झालेल्या प्रौढ कैद्यांची सुटकेनंतर विचारपूस करणे तेव्हा कुणावरही बंधनकारक नव्हते. वर्षभरात त्यांतले निम्म्याहून अधिक पुन्हा दोषी ठरत, यात नवल ते काय?

सप्टेंबर २०१० पासून या दाराशी कुणीतरी वाट पाहू लागले. ‘वन सर्व्हिस’ या मदत-प्रकल्पाचे कार्यकर्ते आधी तुरुंगात जाऊन ओळख करून घेत, मग सुटकेच्या दिवशी सोबत जाऊन घराची, औषधोपचाराची, भत्त्याच्या अर्जाची सोय लावत. खर्च १७ गुंतवणूकदारांनी उचलला होता, सुमारे ५० लाख पौंड. अन्यत्र सुटलेल्या तशाच कैद्यांच्या तुलनेत पुन्हा दोषी ठरण्याचे प्रमाण एकूण किमान साडेसात टक्क्यांनी घटले, तरच त्यांना पैसे परत मिळणार होते. जगातला हा पहिला सोशल इम्पॅक्ट बाँड, म्हणजे निकाल दिसला तरच पैसे परत देणारा करार.

मला यातली मोजणी सर्वांत महत्त्वाची वाटते. माणूस सुधारला की नाही, एवढेच पाहिले असते, तर वारंवार आत जाणाऱ्याला संस्थांनी सोडून दिले असते आणि हाती सोपी माणसे धरली असती. इथे प्रत्येकाच्या दोषसिद्धी किती वेळा झाल्या हे मोजले जाई, त्यामुळे पाच वेळा पकडला जाणारा दोनदाच पकडला गेला तरी ते यश धरले जाई.

२०१७ मध्ये अंतिम निकाल लागला : घट नऊ टक्के. गुंतवणूकदारांना मुद्दल परताव्यासह मिळाले. परंतु सुटलेल्या कैद्यांच्या पहिल्या तुकडीचा निकाल येण्याआधीच, २०१४ मध्ये, सरकारने देशभर नवी व्यवस्था आणण्याचे ठरवून पीटरबरोची तिसरी तुकडी रद्द केली होती. इंग्लंड आणि वेल्समधले बरेचसे प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाबाहेरच्या गुन्हेगारांवरची देखरेख, २१ कंपन्यांकडे गेले, मोबदल्याचा एक भाग निकालाशी जोडला गेला आणि काही ठिकाणी देखरेख म्हणजे सहा आठवड्यांतून एक फोन, एवढीच उरली. ज्या सोबतीने पीटरबरोत फरक पडला, तीच कंत्राटातून निसटली, याचे मला फार वाईट वाटते.

जून २०२१ मध्ये प्रोबेशनचे हे काम पुन्हा सरकारी सेवेकडे आले. त्याच वर्षी सुटकेच्या वेळी मिळणारे ४६ पौंड ७६ झाले. १९९५ पासून ती रक्कम बदललेली नव्हती.