आज किती खांब?

(पहाटेचा उजेड. गावाबाहेरचा डांबरी रस्ता, कडेनं लाईनचे खांब. एक माणूस अगदी हळू चालतोय, हातात छोटी उशी.)

हे माझे बाबा. वय ६३. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात आमचं गाव, साडेपाच एकर काळी जमीन, कपाशी, सोयाबीन अन् मधात तुरीच्या ओळी. मे महिन्यात नागपूरला त्यांचं हृदयाचं बायपास ऑपरेशन झालं. ऑपरेशनची गोष्ट मी सांगत नाही, ती गावात सगळ्यांना पाठ आहे कारण भेटायला आलेल्या प्रत्येकाला बाबांनी ती पहिल्यापासून सांगितलीय. मला सांगायचंय ते त्याच्यानंतरचं. टाके सुकले, रिपोर्ट चांगले, दुखणंही कमी झालं, आणि तरी माणूस अंगणातल्या रांजणापर्यंत जाऊन आला की घामानं ओला होऊन बसते, त्याचं काय करायचं हे आम्हाला कोणी नीट सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर त्या डिस्चार्जच्या गडबडीत आम्ही ऐकलं नाही.

नागपूरहून गाव चार तास. रस्त्यात दोनदा गाडी थांबवून त्यांना पाच-पाच मिनिटं चालवलं, सीटबेल्ट अन् छातीच्या मधात उशी. घरी आलो. दुसऱ्या दिवशी बाबांचा सगळा दिवस एका आंघोळीत संपला. खरंच. प्लास्टिकच्या स्टुलावर बसवून कोमट पाणी घातलं, पायाची जखम जपत पुसलं, कपडे घातले, अन् ते जे आडवे झाले ते तीन तास. संध्याकाळी म्हणाले, "मले काई दुखत नाई रे, पन अंगात जीवच नाई."

(छातीवरची उभी खूण. मग पायावरची लांब खूण.)

आता हे का होते ते बघा. छातीचं मधलं हाड उभं कापतात अन् काम झालं की स्टीलच्या तारेनं बांधतात. ते हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, पक्कं व्हायला तीन महिने. हृदयाला जोडायला पायातली शीर काढलेली, तिथं वेगळी जखम. ऑपरेशनमध्ये बऱ्याच वेळा रक्त मशीनमधून फिरवतात, रक्त जाते, पातळ होते, हिमोग्लोबिन उतरते. सगळं शरीर दुरुस्तीला लागलेलं असते. पेरणीच्या दिवसात जसा गावात मजूर शोधून सापडत नाही, सगळे कुठं ना कुठं कामावर गेलेले, तसं. माणूस बाजेवर पडलेला दिसते पण आत हजेरी फुल असते.

एक सांगतो मधातच. पायातली शीर वापरून बायपास करायची पद्धत बसवली रेने फावालोरो या डॉक्टरनं, १९६७ मध्ये, अमेरिकेत क्लीव्हलँडला. पण त्याआधी हा माणूस अर्जेंटिनात एका खेड्यात बारा वर्षं गावचा डॉक्टर होता. मला हे वाचून उगाच बरं वाटलं.

तर बाज. आमच्याकडं उन्हाळ्यात सगळे अंगणात बाजेवर झोपतात, अन् बाज असते झोळ आलेली. त्यातून उठायचं म्हणजे दोन्ही हातांनी जोर लावावा लागते, अन् तोच जोर छातीच्या हाडावर येते, तेच तर नको असते. मग बाबांना घरात कडक पलंगावर आणलं. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग कोपरानं अंग वर. सोपं वाटते ना? पण येणारा प्रत्येक जण मदत म्हणून त्यांचा हात धरून ओढायचा. काका आला ओढलं, शेजारचा आला ओढलं. शेवटी आईनं भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं, हात ओढू नये. संडासाचं तसंच, उकिडवं बसून उठणं जमेना, मेडिकलवाल्याकडून भोकाची खुर्ची मागवली, बाबा दोन दिवस लाजले अन् तिसऱ्या दिवशी म्हणाले हे आधीच आणाले पायजे होतं.

अन् वरून ऊन. मे-जूनमध्ये आमच्याकडं पारा ४५ च्या आसपास, कूलरमध्ये पाणी टाकून टाकून हात दुखतात. निरोगी माणूस दुपारी गळते, तिथं हा नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेला माणूस. त्यात पाण्याची गोळी सुरू, म्हणजे लघवीतून पाणी काढणारी, उठलं की डोळ्यापुढं अंधारी. पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवलं, कारण कोणाला जास्त चालते कोणाला नाही. चालायची वेळ पहाटे पाच.

(खांब मोजणारं बोट.)

खांबांचं बाबांनीच काढलं. घरापासून वावराकडं जाणाऱ्या रस्त्यावर लाईनचे खांब आहेत. पहिल्या आठवड्यात दारापर्यंतच. मग एक खांब अन् परत. दिवसातून तीन-चार वेळा पण थोडं थोडं. डॉक्टरांचा नियम एकच, चालताना बोलता आलं पाहिजे, बोलताना दम तुटला की थांबा. त्यामुळं मी सोबत जाऊन उगाच काहीबाही विचारत राहायचो, कापसाचा भाव काय होता मागच्या साली, अमक्याचं लग्न कोणत्या गावचं. चार खांब झाले. सहा झाले. एका दिवशी चारावरच थांबले, त्या दिवशी बाबा कोणाशी बोलले नाहीत.

मग पाचवा आठवडा. पाऊस चांगला झाला, पेरणी सुरू झाली. तुम्ही शेतकऱ्याच्या घरचे असाल तर तुम्हाला सांगायला नको, आपल्या वावरात ट्रॅक्टर चालतोय, त्याचा आवाज घरापर्यंत येतोय अन् आपण पलंगावर. त्या दिवशी सकाळी उठले ते एकदम फ्रेश. पोहे खाल्ले, हसले, अन् मी बियाण्याच्या चुंगड्या उतरवून राहिलो तोवर हे गायब. अकरा खांब एकट्यानं चालून वावरात. ओळी सरळ पडल्या की नाही बघायला! धुऱ्यावर तासभर उभे राहिले, ड्रायव्हरला दोन गोष्टी सांगितल्या, अन् मग खाली बसले ते उठता येईना. बंडी होती तिथं, पण बंडीचे हिसके छातीला कसे चालतील. सावलीत बसवलं, गावातून गाडी येईपर्यंत पाऊण तास. रस्त्यानं एक शब्द नाही. पुढचे दोन दिवस पलंग सोडला नाही, तिसऱ्या दिवशी चार खांबांवर परत.

मला वाटलं बिघडलं काहीतरी. फोन केला तर डॉक्टर म्हणाले असं होते, चांगला दिवस आला की पेशंट सगळी ताकद एकदम खर्च करते अन् मग दोन दिवस भरते, मोबाईलच्या बॅटरीसारखं समजा. बाबांना बॅटरी पटली नाही. रात्री स्वतःच म्हणाले, "आपली हीर आठव. मोटर सुरू केली, दीड तास पानी देते, मंग हवा ओढते. तवा बंद नाई केली त मोटर जयते. झरा आपल्या हिशोबानंच भरते, त्याले घाई नाई करता येत." त्यानंतर रोज सकाळी विचारायचे, आज हिरीत किती हाय, अन् स्वतःच उत्तर द्यायचे. आंघोळ अन् चालणं लागोपाठ नाही, मधात तासभर आराम. जेवण झाल्याबरोबर चालणं नाही. पूर्ण थकायच्या आधी बसायचं, थकल्यावर नाही. हा शेवटचा मुद्दा त्यांना सगळ्यात जड गेला, कारण आमच्याकडं काम अर्धं सोडून बसणाऱ्याला काय म्हणतात ते माहीतच आहे.

म्हणतातही. एक जण समोर बसून चहा पीत म्हणाला, एवढं ऑपरेशन केलं अन् अजून झोपूनच? आईनं कप उचलून नेला, अर्धा भरलेला. त्या दिवसापासून दुपारी एक ते चार दार बंद. भेटणाऱ्यांसमोर सरळ बसून बोलणं हेही काम आहे, दोन खांबांएवढं तरी.

थकव्याची अजून दोन कारणं फॉलोअपला कळली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊच्या खाली, लोहाची गोळी सुरू झाली. ती चहासोबत घेतली तर अंगी लागत नाही, आणि आमच्या घरात चहा दिवसातून पाचदा, मग गोळीची वेळच बदलली. दुसरं म्हणजे ठोके हळू करणारी गोळी. बाबांना पहिल्यापासून तिचाच संशय होता, अन् थोडा खराही होता, तिच्यानं सुस्ती येते. पण ती मनानं एकदम बंद करणं धोक्याचं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी डोस कमी केला.

मनाचं बोलायचं राहिलं. सहाव्या आठवड्यात मी बैलाला चारा टाकत होतो, तर मला बघून बाबा रडले, कारण काहीच नाही. बायपासनंतर बऱ्याच जणांना असं उदास होते, झोप मोडते, जेवण बेचव लागते, अन् त्यानंही अंग जड पडते. बहुतेकांचं हळूहळू निवळते, पण आठवडे गेले तरी तसंच राहिलं तर डॉक्टरांना सांगायचं, नाहीतर टेलिमानसचा १४४१६ आहे, फुकट. बाबांना रात्रीची जाग हे मुख्य होतं. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली तेव्हा फरक पडला.

आणि सगळंच थकवा म्हणून सोडून द्यायचं नाही. झोपल्यावर दम लागणं, छातीत दुखणं, ठोके वेडेवाकडे पडणं, ताप, जखमेतून पाणी, हाड कटकट वाजणं, एकाच पोटरीला सूज, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना लगेच फोन, अन् दम किंवा छातीचं असेल तर सरळ १०८.

(पोळ्याचं तोरण, सजवलेले बैल, दुरून झडत्यांचा, म्हणजे पोळ्याच्या गाण्यांचा आवाज.)

पोळा आला तेव्हा साडेतीन महिने झाले होते. बाबा आता बावीस खांब चालतात. डॉक्टरांनी हळूहळू कामाला परवानगी दिली, पण बैलाचा कासरा इतक्यात नको, बैलानं हिसका दिला तर सगळा ताण छातीवर. पस्तीस वर्षं तोरणाखाली स्वतः बैल नेणारा माणूस पहिल्यांदा खुर्चीवर बसला. बैल मी नेले. ते लांबून ओरडत होते, "वशिंडाले हात नको लावू, रंग निंगते!"

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. माझ्या पोरीचा चाकांचा लाकडी बैल, सुतळी बांधलेली. बाबांनी सुतळी हातात घेतली, पोरगी पुढं, हे मागं, मारुतीच्या पारापर्यंत. मधात दोनदा थांबले, पोरीला सांगितलं बैल थकला म्हणून. घरी येऊन जेवले अन् झोपले.

सकाळी पाच वाजता मी चपला घालून तयार. आई दारात उभी, म्हणाली, "आज नाई. झोपू दे त्याईले."