चिमी माझी, खरं नाव कुणाचंच नाही

नमस्कार मंडळी. आधी ही वही बघा, कॅमेऱ्याजवळ धरतो. ही आमच्या खानापूरच्या पावसातली चिमी, डोक्यावरचं इरलं पार गुडघ्यापर्यंत आलंय, एक चप्पल पायात आणि एक हातात कारण चिखलात पट्टा तुटलाय, आणि मागं गवा उभा आहे तो फक्त हिचंच ऐकतो. पोरांच्या एकांकिकेसाठी काढलेली. मागच्या पावसाळ्यात बेळगावात एका दुकानात वह्यांच्या लेबलावर हीच चिमी दिसली, तुटलेल्या पट्ट्यासकट, आणि मला कुणी विचारलेलं पण नाही, पोटात गोळाच आला बघा.

दुकानदार म्हणाला, चिमी नाव काय तू विकत घेतलंयस काय, गल्लीत चार चिम्या आहेत की. नावापुरतं त्याचं बरोबरच होतं. नुसत्या नावावर कॉपीराइट मिळत नाही, 2015 साली सुप्रीम कोर्टानं एका सिनेमाच्या नावाच्या केसमध्ये सांगितलं की नुसत्या शीर्षकाला कॉपीराइट नाही. आयडियालाही नाही, "गव्याशी बोलणारी पोरगी" ही कल्पना उद्या कुणीही घेऊ दे. खरं चित्राचं तसं नाही, चित्र काढलं त्या क्षणापासून ते माझं, रजिस्टर केलं नसलं तरी, आणि मी असेपर्यंत आणि माझ्यानंतर 60 वर्षं.

आता पात्र. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात "पात्र" असा वेगळा प्रकारच नाही, कोर्टानं केसगणिक वाट काढली. नव्वदच्या दशकात दिल्ली हायकोर्टात नागराजवाले नागेशवाल्यांच्या विरोधात गेले, दोन्ही कॉमिकचे हिरो, हिरवं सापाच्या कातडीसारखं अंग, कमरेला सापासारखा पट्टा, आणि नावाचा अर्थ पण तोच, सापांचा राजा. नागेशवर मनाई आली. 2016 ला मुंबई हायकोर्टात 'दबंग' सिनेमातल्या चुलबुल पांडेची केस, तिथं जजसाहेबांनी मान्य केलं की पात्र वेगळं असेल तर त्याचं सादरीकरण आणि कागदावर त्याचं जे लेखन झालंय त्याला संरक्षण मिळू शकतं.

म्हणून मला कळकळीनं सांगायचंय, एकांकिका लिहिणाऱ्या पोरापोरींनो, पात्र सविस्तर लिहा रे! "एक खेडवळ मुलगी" एवढंच लिहिलं तर हातात काय राहणार? चप्पल का तुटली, गवा हिचंच का ऐकतो, ती रागावली की काय म्हणते, हे सगळं तारखेसकट वहीत पाहिजे. नावावर वस्तू विकायच्या असतील तर ट्रेडमार्क, तो वेगळा कायदा, दर 10 वर्षांनी रिन्यू करत राहायचा. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, खरं कथेला 500 रुपये फी आहे, करून ठेवा, पुरावा होतो. आणि मुंबई-दिल्लीला पळायला नको, तुम्ही इथं राहता आणि चोरी पण इथंच झाली तर दावा बेळगावच्या जिल्हा कोर्टात लावता येतो.

अजून एक, कुणाला पात्र वापरायला देताना तोंडी देऊ नका. मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षं धरतो, आणि जागा लिहिली नाही तर अख्खा भारत! परवा एका मंडळानं गणपतीच्या देखाव्यासाठी चिमी मागितली, मी आनंदानं दिली, कागदावर लिहून, यंदाच्या गणपतीपुरती, फक्त देखाव्यात, टीशर्टवर नाही, आणि खाली दोघांच्या सह्या.