पोटात दुखतंय, पण ते पित्तच आहे कशावरून?

नमस्कार. आज इथे सासवाही आल्यात, सुनाही आल्यात, हे फार बरं झालं, कारण गरोदरपणात पोटात दुखायला लागल्यावर दवाखान्यात जायचं की नाही हे आपल्याकडे दुखणारी बाई एकटी कधीच ठरवत नाही, घर ठरवतं. मी इतकी वर्षं तालुक्याच्या गावात बाळंतपणं करतेय आणि मला सगळ्यात जास्त भीती एकाच वाक्याची वाटते: "काही नाही हो, पित्त झालंय."

एक मुलगी सांगते. आठवा महिना, पहिलं बाळंतपण, डोहाळजेवण झालं आणि माहेरी आली. दोन दिवसांनी रात्री उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, मळमळायला लागलं. आईला वाटलं बाहेरचं जड खाल्लंय, म्हणून पित्ताची गोळी दिली, ओव्याचं पाणी दिलं. सकाळी जरा बरं वाटलं, संध्याकाळी परत तेच, आणि डोकंही ठणकायला लागलं, तर म्हणे झोप झाली नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी डोळ्यापुढे काजवे चमकायला लागले तेव्हा माझ्याकडे आणलं. बीपी होतं १७० वर ११०. फाईल कुठे, तर सासरी कपाटात. आधीचं बीपी किती, रक्त किती, कुणाला माहीत नाही. तिला फिट येऊ नये म्हणून इंजेक्शन सुरू करून आम्ही मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं, सिझर झालं, बाळ काही दिवस काचेच्या पेटीत होतं. दोघं सुखरूप आहेत. पण ते तीन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आता हे का होतं ते नीट समजून घ्या. पाच महिने झाल्यावर, म्हणजे २० आठवड्यांनंतर, काही जणींचं बीपी वाढतं, १४० वर ९० किंवा त्याच्या पुढे गेलं की ते जास्तच धरायचं. हे दुखणं वाढलं की लिव्हरला सूज येते, लिव्हरच्या वरचं आवरण ताणलं जातं, आणि म्हणून बरगडीखाली, पोटाच्या वरच्या खड्ड्यात दुखतं. जागा तीच जिथे पित्ताचं दुखतं. म्हणून फसायला होतं, आईची काही चूक नव्हती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तर गरोदरपणाच्या उत्तरार्धात वरच्या पोटात दुखत असेल, त्यासोबत डोकं दुखतंय, अंधुक दिसतंय, चेहरा-हात अचानक सुजलेत, यातलं एक जरी असलं तरी आधी बीपी मोजायचं, गोळी नंतर. आणि बाळंत झाल्यावरही पहिले काही दिवस हे होऊ शकतं, तेव्हा बाळाच्या गडबडीत बाळंतिणीकडे दुर्लक्ष करू नका.

प्रत्येक दुखण्याला घाबरा असं मी म्हणत नाहीये हं. चौथ्या-पाचव्या महिन्यात कुशीवर वळताना, शिंकताना जांघेत चमक येते, पिशवी वाढते तसे तिला धरणारे दोर ताणले जातात, जरा बसलं की थांबते. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला कडक होतं, गॅस धरतो, त्यानेही दुखतं, त्यासाठी पाणी, पालेभाजी, डॉक्टरांनी दिलेलं औषध, एरंडेल मात्र नको. शेवटी शेवटी पोट मधूनच कडक होतं आणि सैल पडतं, त्या खोट्या कळा, पाणी प्यायलं, कूस बदलली की जातात. पण नववा महिना लागायच्या आधीच तासाभरात चार-पाच वेळा पोट कडक व्हायला लागलं, कंबर भरून आली, खालून पाणी गेलं तर वाट बघायची नाही, कारण लवकर आलात तर बाळाची फुप्फुसं तयार व्हायला आईला इंजेक्शनं देता येतात, आणि त्यांना काम करायला वेळ लागतो.

सुरुवातीच्या दिवसांचं वेगळं असतं. पाळी चुकलीय, किटवर दोन रेघा आल्यात, आणि महिना-दीड महिन्यात ओटीपोटात एकाच बाजूला दुखतंय, थोडं अंगावर जातंय, तर गर्भ पिशवीत आहे की नळीत हे सोनोग्राफीशिवाय कळत नाही. नळी फुटली की रक्त आत पोटात साचतं, बाहेर फारसं दिसतच नाही. अशा बाईला कधी कधी खांद्याच्या टोकाला दुखतं आणि घरचे म्हणतात हात अवघडला असेल. पोट आणि छातीच्या मधल्या पडद्याला ते रक्त लागतं, म्हणून ती कळ खांद्यात जाणवते. चक्कर, घाम, खांद्यात दुखणं, अशी बाई सकाळची वाट बघू शकत नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. बेंबी सरकली म्हणून गरोदर बाईचं पोट चोळून घेऊ नका. गाडीवरून धक्का बसला, पाय घसरून पडली, कुणी मारलं (हो, तेही होतं, आम्हाला खरं सांगत जा, आम्ही कुणाला सांगत नाही), त्यानंतर पोट दगडासारखं कडक आणि दुखायचं थांबतच नाही, म्हणजे वार, ज्यातून बाळाला रक्त मिळतं ती, पिशवीपासून सुटलेली असू शकते. रक्त दिसेलच असं नाही. बाळ कमी फिरतंय वाटलं तरी निघायचं. लघवीला जळजळ, थंडी-ताप, कुशीत मागून दुखतंय हेही अंगावर काढू नका, त्यानेही कळा लवकर सुरू होतात. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची नाही, त्यातल्या बऱ्याच गोळ्या बाळाच्या किडनीला आणि भोवतालच्या पाण्याला त्रास देतात.

गाडी नाही म्हणून थांबलो, असंही ऐकते. १०८ ला फोन करा, १०२ आहे, दोन्ही फुकट. आशाताईंना रात्रीसुद्धा उठवा, त्या रागावत नाहीत. माहेरी जा, ऊसतोडीला जा, फाईल सोबत पाहिजे, साड्यांच्या आधी पिशवीत फाईल. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, ती चुकवू नका.

आज इथे ज्या गरोदर आहेत त्यांनी जाताना बाहेर सिस्टर बसल्यात त्यांच्याकडून बीपी मोजून घ्या. आणि आकडा कार्डावर लिहून घ्या, नुसतं "नॉर्मल आहे" ऐकून उठू नका.